सुवर्णा ऑनलाइन आहे

लग्नात माझं नाव बदललं तेव्हा मी हसत होते. अल्बममध्ये तो फोटो आहे. ताटात तांदूळ पसरलेत, जीवन अंगठीनं त्यात 'आरोही' लिहितोय आणि मी मान वाकडी करून ते वाचतेय, जणू कुणा दुसरीचंच नाव आहे. आमच्याकडे रडायचं ते पाठवणीला, नावासाठी कुणी रडत नाही. गुरुजींनी ताट हलवून तांदूळ सारखे केले आणि सुवर्णा संपली. निदान मला तसं वाटलं होतं.

जीवन म्हणजे माझा नवरा. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते, इथे मात्र 'तो' म्हणणार आहे. एवढं तरी माझं मला करू द्या.

माझं माहेर मखमलाबादचं. वडिलांचा, मोतीरामांचा, फुलांचा मळा. पहाटे तोडणी, उजाडायच्या आत माल फुलबाजारात, आणि मग मी सायकलवर कॉलेजला. तिथे रूपाली भेटली. तिचे वडील बँकेत, बदलीवर नाशिकला आलेले. ती मला 'सोनू' नाही, 'सुवा' नाही, पूर्ण 'सुवर्णा' म्हणायची. घरात मला पूर्ण नावानं कुणी हाक मारत नसे, त्यामुळे तिनं मारली की मान आपोआप ताठ व्हायची.

कॉलेज रोडच्या एका सायबर कॅफेत आम्ही दोघींनी एकाच दिवशी ई-मेल काढला. तेव्हा ते मोठं अप्रूप होतं. सगळं भरून झाल्यावर शेवटी एक प्रश्न आला. पासवर्ड विसरलात तर ओळख पटवायला एक गुपित सांगून ठेवा : तुमच्या आईचं माहेरचं आडनाव काय?

आम्ही खो-खो हसलो. साहेबाच्या देशात हे गुपित असेल. आमच्याकडे मुलगी बघायला आलेली माणसं पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आत मामेकुळ विचारतात. रूपाली म्हणाली, "म्हणजे तुझ्या घराची किल्ली सगळ्या समाजाकडे आहे गं."

तरी मी तोच प्रश्न निवडला. दुसरा होता तो लाडक्या कुत्र्याच्या नावाचा, आणि आमच्या मळ्यातल्या कुत्र्याला 'हाड' याखेरीज दुसरं नाव नव्हतं.

त्या पत्त्यावरून मी रूपालीला काय काय लिहिलं! सुट्टीत ती आजोळी गेली की मी बाजारातून परतताना कॅफेत शिरायची आणि इंग्रजी अक्षरांत मराठी बडवत बसायची. आईशी झालेली भांडणं, येऊन गेलेली स्थळं, त्यातल्या एकाचे दात, सगळं. जे तोंडानं बोलायची हिंमत नव्हती ते मी तिथे लिहिलं. पुढे माझा भाऊ ज्ञानेश यानं मोठ्या अभिमानानं माझ्या बायोडाटावर तो पत्ताही छापला. जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, वर्ण, मामेकुळ, आणि खाली ई-मेल. बहीण मॉडर्न आहे हे कळलं पाहिजे ना.

लग्न झालं आणि मी एकलहऱ्याच्या कॉलनीत आले. तिथे दिवसभर एक घरघर चालू असते. सवय होते म्हणतात, मला झाली नाही. वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेचा बारीक थर बसतो, तो झटकून कपडे पुन्हा दोरीवर टाकायचे. रेशनकार्डावर आरोही, बँकेत आरोही, शेजारच्या मालनबाई 'आरोही, कढीपत्ता देतेस का' म्हणून हाक मारत. तोवर रूपाली नोकरीला बंगळूरला गेली होती, तिच्या वडिलांची बदली झाली होती. तिचा पत्ता हरवला, नंबर बदलला, आणि लग्नानंतर माझं कॅफेत जाणं सुटलं ते ई-मेलसकट. तिच्याशिवाय मला सुवर्णा म्हणणारं कुणी उरलं नाही आणि ते मला आतून खात होतं. सांगणार कुणाला? नवऱ्यानं दिलेलं नाव टोचतं असं सांगितलं असतं तर सासूबाईंनी माझी दृष्टच काढली असती.

काही वर्षांनी घरात कॉम्प्युटर आला. जीवननंच मला ऑर्कुट उघडून दिलं, आरोही नावानं, आमचा महाबळेश्वरचा फोटो लावून. मला त्यातलं बाकी काही नको होतं. मी पहिल्यांदा रूपालीला शोधलं. सापडली. केस कापले होते, पण तीच. मी लिहिलं, "ओळखलंस का? मी सुवर्णा. लग्नानंतर आरोही."

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "तुम्ही कोण? सुवर्णा माझ्या लिस्टमध्ये आहे. काल रात्रीच बोललो आम्ही."

मला आधी वाटलं, थट्टा करतेय. मग मी तिची यादी उघडली. त्यात मी होते. नाव माझं, माहेरचं आडनाव माझं, गाव नाशिक. फोटोच्या जागी झेंडूनं भरलेली क्रेट. लग्न : नाही.

तेव्हा कुणाच्याही पानावर कुणी काय लिहिलंय ते सगळ्यांना वाचता यायचं. मी वाचलं. ही सुवर्णा मजेशीर होती. चटपटीत बोलायची. रूपाली आजारी होती तेव्हा हिनं रोज विचारपूस केली होती. कॉलेजच्या कितीतरी मुली हिच्या ओळखीच्या होत्या, कुणाचं बाळंतपण, कुणाची नोकरी, सगळं हिला ठाऊक. मळ्याबद्दल लिहायची, आईच्या बोलण्याच्या नकला करायची. आणि त्या नकला बरोबर होत्या. आई ओरडताना 'भवाने' कुठे म्हणते ते हिला माहीत होतं.

मी रूपालीला पुन्हा लिहिलं. "ती मी नाही. कुणीतरी माझ्या नावानं बोलतंय. तुझा नंबर दे, मी फोन करते, आवाज ऐक."

"नंबर देणार नाही," तिनं लिहिलं. "सुवर्णानं मला आधीच सांगून ठेवलंय, कुणीतरी माझ्या नावानं नंबर मागेल म्हणून."

मी खुर्चीतून उठून मागे बघितलं. घरात कुणी नव्हतं. सासूबाई मंदिरात, जीवन ड्यूटीवर. बाहेर ती घरघर.

रूपाली मुळात न्यायी मुलगी. तिनं सांगितलं, दोघींना एकच प्रश्न विचारते, माझ्या पानावर उत्तर द्या. शेवटच्या पेपरनंतर आपण कुठे गेलो होतो?

हे काय विचारणं झालं? मी लगेच लिहिलं, "सोमेश्वरला."

माझ्याखाली थोड्या वेळानं दुसरं उत्तर उमटलं. "सोमेश्वरला जायचं ठरलं होतं गं. पण अर्ध्या वाटेत तुझी चप्पल तुटली. ती शिवून होईपर्यंत तू माझ्या ओढणीवर उभी होतीस, रस्ता तापला होता म्हणून. मग उशीर झाला आणि आपण मागे फिरलो."

ते वाचल्यावर मला ते आठवलं. आधी नव्हतं आठवलं. तापलेला रस्ता, रूपालीचे पाय, माझी हिरवी ओढणी. माझी आठवण मला तिच्याकडून मिळाली. मला तिचा राग यायला हवा होता, आणि मी मात्र तिथे बसून रडले, कारण ते खरंच किती छान होतं.

रूपालीनं मला तिच्या पानावरून काढून टाकलं. त्याआधी एक ओळ लिहिली : "सुवर्णाला त्रास देऊ नका."

जीवनला मी सगळं सांगितलं. मला सातवा महिना संपत आला होता, आवाज चढला की धाप लागायची. त्यानं मला पाणी दिलं, शांतपणे ऐकून घेतलं.

"अगं, नेटवर असले लोक असतातच," तो म्हणाला. "तुझा जुना ई-मेल कुणीतरी उघडला असणार. जुनी पत्रं त्यातच आहेत ना? तुझं ते गुपित काय होतं?"

"मामेकुळ."

"मग झालंच. ते तर येऊन गेलेल्या प्रत्येक स्थळाला माहीत. आता असं उत्तर ठेव, जे जगात तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही."

त्यानं मला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि "मी बघत नाही" म्हणून गॅलरीत जाऊन उभा राहिला. मला त्याचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू? पासवर्ड माझा जुना चाललाच नाही. मामेकुळ टाकलं, जन्मतारीख टाकली आणि दार उघडलं. आत माझ्या नावानं आलेली पत्रं खालपर्यंत भरलेली होती. सगळ्या पत्रांवर 'प्रिय सुवर्णा'. मी पासवर्ड बदलला. नवा प्रश्न स्वतः लिहायची सोय होती. पण उत्तर? माझ्याबद्दल कुणालाच माहीत नाही असं काहीच मला सुचेना. वजन, उंची, पत्रिकेतला मंगळ, कुठल्या पायावर तीळ आहे, सगळं कुणी ना कुणी विचारून, बघून, सांगून झालेलं.

मग सुचलं. मुलगी झाली तर तिला शेवंती म्हणायचं असं मी मनात ठरवलं होतं. जुनाट नाव, घरात कुणी ऐकून घेतलं नसतं, म्हणून बोलले नव्हते. आईजवळ नाही, देवाजवळसुद्धा नाही. मी प्रश्न लिहिला, 'माझ्या मनात काय आहे?' आणि उत्तर टाइप केलं.

रूपालीला तिथूनच सविस्तर लिहिणार होते. तेवढ्यात खाली ज्ञानेशच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. बाळंतपणाला मला माहेरी न्यायला आला होता तो, आणि सासूबाईंनी निघायची वेळ काढून ठेवलेली. म्हटलं, घाई कशाला? कुलूप तर आता माझं आहे.

पुढच्या आठवड्यात ज्ञानेशला सांगून पंचवटीतल्या कॅफेत गेले. पासवर्ड चालला नाही. बोट चुकलं असेल म्हणून पुन्हा टाकला. मग गुपिताचा प्रश्न मागवला. प्रश्न माझाच होता तसा समोर आला : माझ्या मनात काय आहे? मी लिहिलं, शेवंती.

उत्तर चुकीचं आहे, असं आलं.

म्हणजे कुणीतरी माझंच उत्तर देऊन आत गेलं होतं, आणि जाऊन उत्तर बदललं होतं. मी दुसऱ्या खिडकीत रूपालीचं पान उघडलं. सुवर्णानं त्याच सकाळी रूपालीला लिहिलं होतं, "ती बाई पुन्हा प्रयत्न करत होती. पण आता भिऊ नकोस."

माझ्या मनातलं कुणाला कळणार? त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं की ही ठगबिग नाही, ही आहे. तांदळातून पुसली गेलेली मुलगी कुठेतरी जिवंत राहिली, तिचं लग्न झालं नाही, ती अजून मळ्यात असते आणि मला ती नाव टाकून गेलेली बाई म्हणून ओळखते. मी घरी आले ती तापानं फणफणूनच.

आई माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसली. मी तिला विचारलं, "आई, तुझं लग्नाआधीचं नाव काय होतं?"

"नवसा. नवसाची म्हनून."

"मग ती नवसा कुठं गेली?"

आईनं पट्टी पिळली. "मला काय ठाव? मी भागुबाई झाले. तिची चौकशी कोन करतंय? झोप तू, लय बोलू नको."

मुलगी झाली. बारसं माहेरीच करायचं ठरलं. सासरचे आले, वणीला दिलेली माझी नणंद मैनाताई आली. नाव ठेवायचा मान आत्याचा, त्यामुळे नाव काय ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. अंगणात पाळणा सजवला होता. बायकांनी गोविंद घ्या, गोपाळ घ्या करून बाळाला पाळण्याखालून वर दिलं. मैनाताई वाकली, बाळाच्या कानात 'कुर्रर्र' केलं, बायकांनी तिच्या पाठीत हसत हसत धपाटे घातले. ती सरळ झाली आणि मोठ्यानं म्हणाली, "शेवंती!"

मग कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, हे कुठलं आजीच्या काळातलं काढलं?"

मी मैनाताईचा हात धरला. "ताई, हे नाव कुणी सुचवलं?"

"जीवननं. मी म्हनलं, काय रे हे? तर म्हनतो, तिच्या मनातलं हाय, ठेव तू बिनधास्त. का, नाय आवडलं?"

जीवन जांभळीखाली उभा होता. हातात घुगऱ्यांचा द्रोण. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हसला. पकडला गेलेला माणूस हसतो तसा नाही. बायकोसाठी साडी आणून तिनं पुडकं उघडायची वाट बघतात, तसा.

पाहुणे जेवायला बसल्यावर मी त्याला मळ्यात गाठलं. तो नाही म्हणालाच नाही. हेच मला अजून सहन होत नाही. लग्न ठरल्यावर बायोडाटावरचा पत्ता उघडून बघितला, म्हणाला, तुझं बाहेर काही आहे का एवढंच बघायचं होतं. काहीच नव्हतं. पण पत्रं होती. ती वाचत गेला, चपलेची गोष्टही मीच त्यात लिहिलेली. रूपाली विचारत होती, अशी गप्प का झालीस, म्हणून एकदा उत्तर दिलं. मग दुसऱ्यांदा. ऑर्कुट आल्यावर तिथेही. आणि शेवंती? त्या चौकटीत आपण एकदा काही लिहिलं की घरचा कॉम्प्युटर ते लक्षात ठेवतो. तो एकेक अक्षर दाबत गेला, 'एस' दाबल्यावर माझं उत्तर आपोआप खाली आलं.

"माझं नाव घेऊन बोलत होतात तुम्ही. माझ्या मैत्रिणीशी. माझ्याविरुद्ध."

"तू ते नाव टाकून दिलं होतंस, आरोही," तो हळूच म्हणाला. "पडून होतं. मी त्याचं काही वाईट केलं का? उलट सगळ्या मैत्रिणी टिकवल्या. तू तर रूपालीच्या पत्राला उत्तरसुद्धा दिलं नव्हतंस."

"मला सासरी येऊन आठवडा झाला होता! कॉम्प्युटर कुठे होता घरात?"

"तेच म्हणतो. मी होतो म्हणून राहिली ती." मग थांबून, लाजल्यासारखा, "मला ती फार आवडते गं."

मी त्याच्या अंगावर ओरडले असते. पण ओरडून कुणाला बोलावणार होते, आणि काय सांगणार होते? नवऱ्याचं दुसरीवर मन आहे, आणि ती दुसरी मीच? मी फक्त पासवर्ड मागितला. त्यानं लगेच सांगितला. वर म्हणाला, "सांभाळून हं. रूपाली सध्या हळवी झालीय, तिच्या घरी बरं नाही चाललेलं." त्याला खरंच काळजी वाटत होती.

बाळाला आईजवळ ठेवून मी पंचवटीला गेले. आईनं बाळंतीण बाहेर पडते म्हणून केलेला आरडाओरडा रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. भर दुपारी कॅफे रिकामा होता. मी सुवर्णा म्हणून आत शिरले. इतक्या वर्षांनी, माझ्याच पायांनी. रूपालीच्या नावापुढे हिरवा ठिपका होता.

मी लिहिलं. मनात साठवलेलं सगळं. की रुपे, ही मी आहे, आत्ता कुठे मी आहे. इतके दिवस तुझ्याशी माझा नवरा बोलत होता. मला मुलगी झाली. तुझ्याशिवाय मला सुवर्णा म्हणणारं कुणी नाही, तू एकदा म्हण. लिहिताना मान पुन्हा तशी ताठ होतेय असं वाटलं.

मग उत्तर आलं.

"तू सुवर्णा नाहीस. ती असं रडकं लिहीत नाही. तुला पासवर्ड मिळाला म्हणून तू ती होत नाहीस. तिला परत येऊ दे, प्लीज, मला आज तिच्याशी बोलायचंय. मला फार गरज आहे."

मी 'रूपाली' एवढंच लिहिलं. तिनं उत्तर दिलं नाही. पण ठिपका हिरवाच होता. ती गेली नव्हती, तिच्या सुवर्णाची वाट बघत थांबली होती.

त्या सुवर्णानं रूपालीला लिहिलेली पत्रं मी उघडली. ती विनोद कुठे करते, रूपाली दुःखी असली की पहिलं वाक्य काय लिहिते, 'गं' कुठे लावते, हे सगळं नीट वाचून काढलं. मग माझं लिहिलेलं पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली : "काय गं, घाबरलीस? ती बाई गेली. सांग आता, काय झालं?"

"सुवर्णा!" असं लगेच समोर आलं.